आधी उजेड, मग लाकूड, झाडं सगळ्यात शेवटी: निसर्गाच्या जवळ जाणारं घर कसं सजवावं

घर निसर्गाच्या जवळ न्यायचं असं ठरवलं तेव्हा मी सगळ्यात आधी अकरा कुंड्या घेऊन आले. मग दिवाणखान्याच्या एका भिंतीला मोठमोठ्या पानांचा वॉलपेपर लावला आणि लाकडासारखी दिसणारी छापील फरशी टाकून घेतली. तीन महिन्यांत सात झाडं गेली. वॉलपेपरची पानं महिनाभरानंतर डोळ्यांना दिसेनाशी झाली. खोलीत मात्र दुपारी बारा वाजताही दिवा लागायचा, कारण खिडकीची अर्धी बाजू कपाटानं झाकलेली होती आणि उरलेल्या अर्ध्या भागावर जाड पडदा होता.

सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला आणि घर खरोखर बदललं. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. तुम्ही नुकतेच या वाटेला लागला असाल, तर खरेदीला बाहेर पडण्याआधी एकदा वाचा.

थोडं कशासाठी हे

या प्रकारच्या सजावटीला ‘बायोफिलिक डिझाइन’ म्हणतात. बायोफिलिया म्हणजे सजीव सृष्टीबद्दलची ओढ. मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम यांनी हा शब्द वापरला होता, पण तो सर्वतोमुखी केला जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी, १९८४ मध्ये.

त्याच वर्षी संशोधक रॉजर उलरिच यांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला, जो मला अजूनही सगळ्यात बोलका वाटतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. बाकी त्या खोल्या जवळपास एकसारख्या होत्या. फरक होता तो खिडकीबाहेर काय दिसतं एवढाच.

हाताशी काय असावं

- घराचा आराखडा. छापील नसेल तर चौकटीच्या कागदावर हातानं काढलेला चालतो.
- मोजपट्टी, होकायंत्र (मोबाईलमधलं पुरे) आणि एक वही.
- प्रकाश मोजणारं लक्स मीटर किंवा तसं मोबाईल ॲप. ॲपचे आकडे तंतोतंत नसतात, पण दोन कोपऱ्यांची तुलना करायला पुरतात.
- भाड्याचं घर असेल तर करारनामा. भिंतीला भोक पाडणं, रंग बदलणं, खिडकीला काही लावणं याबद्दल त्यात काय लिहिलंय ते कामाआधी वाचा. स्वतःच्या घरातही खिडक्या, बाल्कनी आणि बाहेरची भिंत यांबाबत इमारतीचे नियम असतात. परवानगी लेखी घ्या.
- मोठे बदल करणार असाल तर वायरिंग आणि पाण्याच्या पाइपांचा नकाशा. तो नसेल तर ज्या भिंती उकरणार आहात त्यांचे फोटो काम सुरू असताना काढून ठेवा.

१. आठवडाभर काहीही विकत घेऊ नका, फक्त पाहा

सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी, अशा तीन वेळा प्रत्येक खोलीत जा आणि ऊन कुठं पडतंय ते आराखड्यावर पेन्सिलीनं रंगवा. तीन वेळांना तीन वेगळे रंग घ्या. चार-पाच दिवसांत घराचा असा एक नकाशा तयार होतो जो तुम्ही इतकी वर्षं राहूनही पाहिलेला नसतो. मला तेव्हा कळलं की माझ्या घरातला सगळ्यात सुंदर उजेड सकाळी पाऊण तास बोळात येतो, जिथं मी चपलांचा रॅक ठेवला होता.

दिशाही लिहून ठेवा. उत्तर गोलार्धात (कर्कवृत्ताच्या वर) दिवसभराचं ऊन दक्षिणेच्या खिडक्यांना मिळतं आणि उत्तरेचा उजेड मऊ, जवळजवळ न बदलणारा असतो. दक्षिण गोलार्धात हे नेमकं उलट. त्यामुळे दुसऱ्या गोलार्धात लिहिलेला सल्ला जसाच्या तसा उचलू नका. पश्चिमेची खिडकी मात्र सगळीकडे त्रासाची, कारण दुपारनंतर सूर्य खाली उतरतो आणि ऊन आडवं, थेट डोळ्यांत येतं.

आता आकडे. भर उन्हात बाहेर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, ढगाळ दिवशी १०,००० च्या आसपास. खोलीच्या मध्यावर तो बहुतेक घरांत १०० ते ३०० वर आलेला असतो. आपला डोळा इतक्या सहज जुळवून घेतो की हा शेकडो पटींचा फरक जाणवतच नाही. झाडाला मात्र तो जाणवतो. ‘खोली तशी उजेडाची आहे’ या माझ्या समजावर सात झाडांचा जीव गेला.

एक ढोबळ नियम लक्षात ठेवा: खिडकीची वरची चौकट जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दीडपट ते दुप्पट अंतरापर्यंतच नैसर्गिक उजेड कामापुरता आत पोहोचतो. चौकट सव्वादोन मीटरवर असेल तर साधारण साडेतीन ते साडेचार मीटर. त्यापलीकडे काय ठेवायचं हे ठरवताना हा आकडा उपयोगी पडतो.

२. आणण्याआधी काढा

या पायरीला खर्च जवळपास नाही आणि फरक सगळ्यात मोठा पडतो. म्हणून जरा सविस्तर.

खिडकीसमोर किंवा खिडकीला चिकटून असलेलं प्रत्येक उंच सामान हलवा. मग पडदे पाहा. पडद्याची दांडी खिडकीच्या रुंदीइतकीच असेल, तर पडदा बाजूला सारल्यावरही तो काचेचा बराच भाग झाकून ठेवतो. दांडी दोन्ही बाजूंना वीस-तीस सेंटीमीटर लांब घ्या, म्हणजे पडदा भिंतीवर गोळा होतो आणि पूर्ण काच मोकळी राहते. जाड पडद्याच्या आत एक पातळ सुती किंवा लिननचा पडदा लावला तर ऊन गाळून घेता येतं. काचा दोन्ही बाजूंनी धुवा. जुनी काळपट फिल्म चिकटवलेली असेल आणि उकाड्याचा प्रश्न नसेल, तर ती काढून टाका.

छत पांढरं ठेवा. खिडकीला लागून असलेल्या दोन बाजूंच्या भिंतीही फिक्या ठेवा; त्या उजेड आत ढकलतात आणि झगझगीत काच व अंधारी भिंत यांतला फरक कमी करून डोळ्यांना आराम देतात. आरसा खिडकीसमोर लावण्याऐवजी तिच्या काटकोनातल्या भिंतीवर लावून पाहा. समोरचा आरसा बराचसा उजेड आल्या वाटेनं परत पाठवतो. आरसा पक्का करण्याआधी दोन दिवस नुसता टेकवून ठेवा आणि थेट ऊन त्यावर पडून कुठं फेकलं जातंय ते बघा. एकवटलेलं ऊन सोफ्याचं कापड फिकं करतं आणि समोर बसलेल्याचे डोळे दिपवतं.

हवेचंही तसंच. एकाच खिडकीतून वारा फारसा येत नाही, त्याला बाहेर पडायला दुसरी वाट लागते. समोरासमोरच्या किंवा लगतच्या भिंतींतली दोन दारं-खिडक्या एकाच वेळी उघडून अगरबत्तीचा किंवा विझवलेल्या काडीचा धूर कुठं जातो ते पाहा. मधलं दार सारखं आपटत असेल तर ते उघडंच राहील असा अडसर लावा. तेच दार बंद राहिल्यामुळे अख्ख्या घराचा वारा अडलेला असतो. गरम हवा वर चढते, म्हणून वरची झडप किंवा उंचावरची छोटी खिडकी सामानानं बुजवली असेल तर तीही मोकळी करा.

३. बसायच्या जागा ठरवा

भूगोलाचे अभ्यासक जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये एक विचार मांडला: माणसाला अशी जागा आवडते जिथून दूरवर दिसतं, पण आपण स्वतः आडोशाला असतो. झाडाच्या बुंध्याला टेकून समोरचं माळरान पाहावं तसं. घरात याचा अर्थ अगदी साधा आहे. पाठीमागे भिंत, समोर किंवा तिरक्या कोनात खिडकी, आणि शक्य असेल तर डोक्यावर काहीतरी कमी उंचीचं, एखादा कप्पा किंवा खाली लोंबणारा दिवा.

सोफा टीव्हीकडे तोंड करून मांडण्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की खिडकी पाठीमागे गेलीय हे लक्षात येत नाही. एका रविवारी सामान फिरवून बघा. बसल्यावर आभाळाचा तुकडा दिसतो का, हे माझं एकमेव माप. दिसत असेल तर ती जागा घरातली सगळ्यात चांगली जागा आहे. तिथं खुर्ची ठेवा. लिहायचं टेबल खिडकीच्या काटकोनात ठेवा, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चकाकीही येत नाही आणि मान वळवली की बाहेर नजर जाते.

बाहेर पाहण्यासारखं काहीच नसेल, नुसती समोरच्या इमारतीची भिंत असेल, तर काचेचा खालचा अर्धा भाग दुधी करा आणि वरचा मोकळा ठेवा. भिंत झाकली जाते, आभाळ राहतं.

४. साहित्य: हाताला जे लागतं ते

इथं सगळ्यात जास्त पैसे जातात आणि फसगतही इथंच होते.

*लाकूड.* सगळं भरीव लाकूड घेण्याची गरज नाही. जिथं हात लागतो तिथं खरं लाकूड असू द्या: टेबलाचा वरचा भाग, दाराची मूठ, खुर्चीचे हात, जिन्याचा कठडा. कपाटाचा सांगाडा प्लायवूडचा चालतो. त्यावर व्हेनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावता येतो.

भरीव लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. रेषांच्या लांबीत जवळपास काहीच नाही, पण आडव्या दिशेनं भरपूर. म्हणून लाकडी जमीन बसवताना भिंतीकडेनं आठ-दहा मिलिमीटरची फट सोडतात आणि ती पट्टीनं झाकतात. सुतार किंवा कारागीर फट न सोडता ‘एकदम टाईट’ बसवून देतो म्हणाला, तर थांबवा. पुढच्या दमट ऋतूत फळ्या मधोमध वर उचलल्या जातात. लाकूड घरी आणल्यावर बसवण्याआधी आठवडाभर त्याच खोलीत उघडं ठेवा, तिथल्या हवेशी ते जुळवून घेतं.

पॉलिशबद्दल माझं मत ठाम आहे. जाड चकचकीत थर दिल्यावर बोटांना लागतं ते प्लास्टिक. तेल-मेणाचं पॉलिश लाकडात मुरतं, स्पर्श लाकडाचाच राहतो आणि ओरखडा पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल लावता येतं. दर वर्ष-दोन वर्षांनी ते करावं लागतं, हे आधीच मान्य करून घ्या. आणि एक गंभीर इशारा: जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती कोंडते. चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.

*दाबून बनवलेल्या फळ्या.* एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि स्वस्त प्लायवूड यांच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. ‘नैसर्गिक’, ‘इको’ अशा शिक्क्यांवर जाऊ नका, त्यातून काहीच कळत नाही. उत्सर्जनाचा वर्ग, म्हणजे फळीतून किती वायू निघतो त्याची श्रेणी, विचारा. किमान ‘ई १’ असावा. तो फळीवर किंवा पावतीवर लिहिलेला हवा, तोंडी नको. कापलेल्या कडा उघड्या राहू देऊ नका, वायू तिथूनच जास्त निघतो.

*नकली लाकूड.* माझ्या पहिल्या छापील फरशीत दर चौथ्या पट्टीवर तीच गाठ, त्याच जागी, त्याच आकाराची होती. एकदा दिसल्यावर ती रोज दिसायची. खऱ्या लाकडाच्या दोन फळ्या कधीच सारख्या नसतात आणि डोळ्याला विसावा मिळतो तो त्या वेगळेपणात. बजेट नसेल तर साध्या एकरंगी फरशीवर एक खरी लाकडी पाटी, एक खरं स्टूल ठेवा. लाकडाचं सोंग घेतलेली अख्खी जमीन मला आता कुणाच्याच घरी बघवत नाही.

*दगड.* संगमरवर आणि चुनखडीचे दगड कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. कुठलाही आंबट पदार्थ सांडला की पृष्ठभाग झिजतो आणि मंद डाग राहतो. पुसून तो जात नाही, कारण दगडच खाल्लेला असतो. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावर ग्रॅनाइट किंवा तसा कठीण दगड, आणि संगमरवर भिंतीला किंवा खिडकीच्या कट्ट्याला. दगड निवडताना एक टाकाऊ तुकडा मागून घ्या. त्यावर पाणी, तेल आणि काहीतरी आंबट यांचे थेंब रात्रभर ठेवा. सकाळी जे दिसेल तेच पुढची वीस वर्षं दिसणार आहे. जमिनीला चकाकीचा दगड नको. ओला झाल्यावर पाय घसरतो आणि खिडकीचा उजेड त्यावरून उसळून डोळ्यांत येतो.

*चुन्याचा गिलावा.* माझ्या घरात ज्याचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे तो हा. चुनखडी भाजून, विझवून केलेला चुना भिंतीवर लागल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे भिंतीवर पातळ दगड चढतो. त्याच्या पृष्ठभागावर उजेड एकसारखा परावर्तित होत नाही, सकाळची भिंत आणि संध्याकाळची भिंत वेगळी दिसते. तो क्षारधर्मी असल्यामुळे बुरशीही सहज धरत नाही.

पण तीन गोष्टी सांभाळा. प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, आधीचा रंग पूर्ण खरवडावा लागतो. ओला चुना कातडी आणि डोळे भाजतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि भिंतीत ओल असेल तर आधी तिचं मूळ शोधा: गळका पाइप, तडा, जमिनीतून चढणारं पाणी. चुना ओल जाऊ देतो, थांबवत नाही. मी घाईत एक भिंत तशीच करून घेतली होती आणि वर्षभरात खालचा हातभर भाग फुलून पडला.

*बांबू आणि वेत.* बांबू हे गवत आहे आणि त्यात स्टार्च भरपूर असतो, म्हणून भुंगेरे त्याला पोखरतात. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस त्याखाली पांढरा कागद अंथरून ठेवा; पिठासारखी भुकटी पडली तर आत कीड आहे. वेत हीटरजवळ किंवा कडक उन्हात कोरडा पडून तडकतो.

ताग, लिनन, लोकर, सूत यांबद्दल एवढंच: तागाचा गालिचा न्हाणीघराजवळ किंवा दमट खोलीत टाकू नका, तो ओल धरून ठेवतो आणि त्याला वास मारायला लागतो.

५. रंग आणि नक्षी

निसर्गाचा रंग म्हणजे हिरवा, असं धरून चार भिंती हिरव्या करू नका. भिंतीवरून परतणारा उजेड चेहऱ्यांवर पडतो आणि हिरवट उजेडात माणसं आजारी दिसतात. माती, वाळू, वाळलेलं गवत, ओला दगड, झाडाची साल हे रंग मोठ्या पृष्ठभागांना बरे. हिरवा झाडांसाठी राखून ठेवा. नमुना थेट भिंतीवर लावण्याऐवजी मोठ्या पुठ्ठ्यावर लावा आणि दिवसभर खोलीत फिरवा.

नक्षीबाबत एक गंमतशीर संशोधन आहे. फांद्या, ढग, किनारे यांत एकच आकार लहान-मोठ्या मापात पुन्हा पुन्हा येतो. अशा आकृतींना फ्रॅक्टल म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टेलर यांच्या अभ्यासांत मध्यम गुंतागुंतीच्या, म्हणजे ‘फ्रॅक्टल मिती’ या गुंतागुंतीच्या मापावर सुमारे १.३ ते १.५ भरणाऱ्या आकृती लोकांना जास्त सुखावह वाटल्या. फार साधी नाही, फार गिचमिडी नाही. एक पान शंभर वेळा छापलेल्या वॉलपेपरपेक्षा जाळीदार पडद्यातून भिंतीवर पडणारी हलती सावली का जास्त आवडते, हे मला त्यातून समजलं.

६. दिवे

बाहेरचा उजेड दिवसभर रंग बदलतो, आपला दिवा बदलत नाही. आपल्या डोळ्यांत निळसर प्रकाशाला, सुमारे ४८० नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात आणि त्या मेंदूला दिवस-रात्रीची खबर देतात. रात्री पांढराशुभ्र दिवा लावून बसलात तर शरीराला दुपारच वाटत राहते.

बैठकीत आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दिवे घ्या. कामाच्या टेबलावर ४००० चा, जरा पांढरट, चालतो. खोक्यावर ‘सीआरआय’ हा आकडा पाहा. ९० च्या वर असेल तर लाकूड, कापड आणि माणसाची कातडी खऱ्या रंगात दिसते. एवढा खर्च करून आणलेलं लाकूड ८० च्या खालच्या दिव्यात राखाडी दिसतं. एकाच खोलीत पिवळे आणि पांढरे दिवे मिसळू नका. छताच्या मधोमध एक मोठा दिवा लावण्यापेक्षा डोळ्यांच्या उंचीखाली तीन-चार छोटे दिवे ठेवा, सूर्य मावळतीला खाली असतो तसे. वायरिंगच्या वेळीच जास्तीचे पॉइंट आणि डिमर सांगून ठेवा; गिलावा झाल्यावर आठवलं तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

७. कामाचा क्रम आणि लेखी यादी

क्रम असा: ओल आणि गळती, मग वायरिंग-प्लंबिंग, गिलावा, जमीन, सुतारकाम, रंग, दिवे, पडदे. जमीन झाल्यावर तिच्यावर पुठ्ठे अंथरून घ्या, नाहीतर सुतारकामात ओरखडे पडतात. चुन्याचा गिलावा वाळायला काही आठवडे घेतो. पंखे आणि हीटर लावून घाई करू नका, तडे जातात.

कंत्राटदाराला ‘नैसर्गिक लूक’ असं सांगू नका. या दोन शब्दांत मला छापील फरशी मिळाली होती. कुठल्या जागी कुठलं लाकूड, भरीव की व्हेनियर, कुठलं पॉलिश, फळीचा उत्सर्जन वर्ग, दिव्यांचे केल्व्हिन, हे सगळं कागदावर लिहा आणि दोघांनी सही करा. प्रत्येक साहित्याचा नमुना स्वतःच्या घरात, स्वतःच्या खिडकीत ठेवून मंजूर करा आणि मंजूर तुकडा काम संपेपर्यंत सांभाळा. माल आला की शेजारी ठेवून ताडून पाहता येतो.

काम संपल्यावर लगेच राहायला जाऊ नका. निदान आठ-दहा दिवस सगळी दारं-खिडक्या आणि कपाटांची दारं उघडी ठेवा. नव्या फळ्या आणि रंग यांचा वास म्हणजे त्यांतून निघणारे वायूच.

कारंजी, पाण्याचा आवाज करणारी यंत्रं, सुगंधी मेणबत्त्या यांवर मी वेगळी पायरी लिहीत नाही. छोटं कारंजं मी वापरून पाहिलं. पाणी आठवड्यातून दोनदा बदलावं लागायचं आणि पंपाची घरघर पाण्यापेक्षा मोठी होती. खिडकी उघडली की पावसाचा आवाज येतो.

८. आता झाडं

आधी एक गैरसमज. घरातली झाडं हवा शुद्ध करतात, हे तुम्ही शंभरदा वाचलं असेल. याचं मूळ नासाच्या १९८९ च्या एका प्रयोगात आहे, जो छोट्या हवाबंद पेट्यांत केला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं की साध्या वाऱ्यावाटे हवा जितकी साफ होते तितकी साफ करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. म्हणून हवेसाठी खिडकी उघडा. झाड आणायचं ते जिवंत सोबत म्हणून.

पहिल्या पायरीचा उजेडाचा नकाशा काढा आणि त्यावरून झाड निवडा, आवडीवरून नाही. स्नेक प्लांट, झीझी प्लांट आणि मनीप्लांट १०० ते २०० लक्सवर तग धरतात, पण तग धरणं म्हणजे वाढणं नव्हे. खिडकीजवळ ती खूपच देखणी होतात. फुलांची आणि रंगीत पानांची बहुतेक झाडं खिडकीपासून मीटरभराच्या आतच ठेवा. सगळीकडे एकेक लहान कुंडी वाटण्यापेक्षा एका चांगल्या खिडकीत पाच झाडांचा गट करा. पाणी घालणं सोपं जातं आणि दिसायलाही ती बाग वाटते.

झाडं बहुतेक वेळा जास्त पाण्यानं मरतात. बोट दोन-तीन सेंटीमीटर मातीत घाला; कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीच्या तळाला भोक हवंच. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत तळाला खडे टाकून निचरा होतो असं सांगतात, ते खरं नाही: माती आणि खडे यांच्या सीमेवर पाणी अडकतं आणि मुळं उलट जास्त वर भिजत राहतात. झाड भोकाच्या साध्या कुंडीत लावा आणि ती शोभेच्या कुंडीत ठेवा. पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं खाली साठलेलं ओतून द्या.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर नाव पाहून झाड घ्या. मनीप्लांट, झीझी, पीस लिली यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि चावल्यावर तोंड भाजतं, सुजतं. खरी लिली तर मांजराला जीवघेणी आहे, तिचा परागसुद्धा. ती फुलदाणीतही आणू नका.

नवं झाड आणल्यावर दोन आठवडे इतरांपासून लांब ठेवा आणि पानांची मागची बाजू पाहत राहा. माझ्या उरलेल्या चार झाडांतलं एक असंच एका नव्या पाहुण्यासोबत आलेल्या पिठ्या ढेकणानं गेलं. मोठी कुंडी ठेवताना वजनाचा विचार करा. ४० लिटरची कुंडी ओल्या मातीसह ५० किलोंच्या पुढे जाऊ शकते. भिंतीवरच्या फळीवर किंवा बाल्कनीच्या कठड्यावर ती नको. खाली चाकांची पाटी लावा.

ती चाकं आणखी एका कामाला येतात. सहा महिन्यांनी सूर्याची वाट बदललेली असते. उन्हाळ्यात जिथं ऊन पडत होतं तिथं हिवाळ्यात पडत नाही, आणि हिवाळ्याचं खाली उतरलेलं ऊन खोलीत पार आतपर्यंत येतं. तेव्हा जुना आराखडा काढा, तीन रंगांच्या पेन्सिली घ्या, आठवडाभर पुन्हा पाहा आणि कुंड्या, शक्य असेल तर खुर्चीसुद्धा, त्या उजेडामागे सरकवा.